रिकामा कॅन

कासू सोडताना गाडीने एक हिसका दिला आणि माझ्या पायांशी ठेवलेल्या कॅनमध्ये काहीतरी खडखडलं. कॅन रिकामा होता. पाच लिटरचा, पांढरा, आतलं काही न दिसणारा. आईने तो काल दुपारी काथ्याने घासून, तीन पाण्यांनी विसळून अंगणात पालथा घातला होता. सकाळी मी निघताना तिने झाकण घट्ट लावून हातात दिला. पेणच्या स्टेशनापर्यंत मी तो मांडीवर धरून रिक्षाने आणला, पण रिक्षाच्या धडधडीत काय ऐकू येणार. आता डब्यात फारसं कुणी नव्हतं. समोरच्या बाकावर गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी एक बाई नखांना सोनेरी रंग तसाच ठेवून झोपली होती. गाडीने वेग घेतला तसा कॅन पुन्हा खडखडला. झाकणाच्या आतली प्लॅस्टिकची चकती तुटली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि नागोठणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला बघायचंच नव्हतं. मी इतकी थकले होते की आणखी एखादी गोष्ट कळून घ्यायची माझी तयारी नव्हती.

बुधवारी माझा प्रबंध जमा होणार होता. सात वर्षं. मी रोह्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर वर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज करते आणि मार्चमध्ये मला निरोप दिला जातो, पुन्हा जून येईपर्यंत. त्याच कॉलेजच्या स्टोअररूममध्ये, खिडक्यांना काळा कागद चिकटवून, मी ही सात वर्षं हिवतापाच्या जंतूंच्या आत डोकावत काढली. कायम जागेची मुलाखत जानेवारीत आहे आणि अर्जाला डिग्रीचा कागद नाही तर किमान प्रबंध जमा केल्याची पावती लागते. माझं वय छत्तीस. पुढची जाहिरात कधी निघेल ते प्राचार्यांनाही सांगता येत नाही. बाबा नाक्यावर भेटेल त्याला सांगतात, माझी पोरगी तापाच्या किड्यातली सुतं मोजते. ऐकणारा मान डोलावतो आणि विचारतो, मग परमनंट कधी होणार.

सुतं हा शब्द बाबांचा, पण माझ्या सगळ्या पारिभाषिक शब्दांपेक्षा तो चांगला आहे. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात असताना त्याची एक अवस्था चंद्रकोरीच्या आकाराची असते. हीच कोर पुढे डासाच्या पोटात जाते आणि ताप एका घरातून दुसऱ्या घरात पोचतो. या कोरीच्या कातडीखाली प्रथिनांचे ताठ धागे असतात, मिठाच्या पाटीला जशा कामट्या असतात तसे. कामट्या आहेत तोवर आकार आहे. मुंबईच्या संस्थेत माझे मार्गदर्शक सुशील सर यांच्याकडे एक नवं औषध तपासत होते. ते दिलं की या कामट्यांचं काय होतं, हे बघणं माझ्याकडे आलं. आणि मला दिसलं की त्या आखूड होतात. जवळजवळ एक पंचमांशाने. माझ्या प्रबंधात नवीन म्हणण्यासारखं एवढं एकच वाक्य आहे, बाकी दोनशे पानं त्या वाक्याची पालखी वाहतात.

नागोठण्याला मी झाकण उघडलं. कॅन तिरपा केला, तर तळहातावर मिठाचे पाच खडे पडले. दुकानातलं पिशवीचं मीठ नव्हे. जाड, करडी झाक असलेले, कडा जपून ठेवलेले आमच्या घरचे खडे. बाबा मिठागरावर होते तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीत असेच खडे असतात. आगर बंद पडून अकरा वर्षं झाली, बांध फुटला, धरमतरच्या खाडीचं पाणी आत आलं ते आलंच. तरी बाबा कुठून कुठून ओळखीच्या माणसांकडून हेच मीठ आणतात. मी खडे मुठीत धरून बसले. नागोठण्याहून गाडी निघाली तेव्हा मी आईला फोन लावला.

"पोचलीस?" आई म्हणाली.

"नाही, गाडीत आहे. आई, कॅनमध्ये मीठ तू घातलंस?"

"व्हय. मंग?"

"का?"

"का म्हंजे? रिकामा कसा देऊ गो? रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर देत नाय आपण. तुला काय ठाव नाय?"

मला ठाऊक होतं. शेजारची ताटली परत द्यायची तर तिच्यात काहीतरी घालून, चार दाणे तांदूळ का होईना. लहानपणी मीच कितीदा पदार्थाच्या बदल्यात चिमूटभर साखर घेऊन या दारातून त्या दारात गेले होते. पण कॅन हे मला कधी भांडं वाटलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तो प्रयोगशाळेचा झाला होता.

"उन्हाळ्यात नेला होता, तेव्हा पण घातलं होतंस?"

"तवा पण. तीनदा नेलास, तीनदा घातलं. पाचच खडे टाकते, जास्त नाय." मग तिला वाटलं की मी चिडले आहे, म्हणून ती समजावणीच्या आवाजात म्हणाली, "तांदूळ टाकले असते तर तुझ्या पाण्यात कुजले असते. साखरेला मुंग्या लागतात. मीठ कसं, पाण्यात टाकलं तर दिसत पण नाय. म्हनून मीठ घातलं. काय झालं गो?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऐकू येत नाहीये नीट. ठेवते."

तिने किती विचार केला होता. कुजू नये, मुंग्या लागू नयेत, माझ्या कामात आड येऊ नये, दिसूही नये. माझ्या अख्ख्या प्रयोगाचा आराखडा करताना मी एवढा विचार केला नसेल. मला हसू आलं. समोरची बाई जागी होऊन माझ्याकडे बघत होती. मी मूठ ओढणीच्या टोकाखाली घेतली.

निडीला गाडी थांबली. समोरून दुसरी गाडी यायची होती, ती येईपर्यंत आमची हलणार नव्हती. फलाटावर एक म्हातारा वालाच्या शेंगांचं गाठोडं डोक्याखाली घेऊन पडला होता. या थांब्याचा मला एरवी राग येतो, आज तो कितीही वेळ चालला असता. मीठ. माझ्या कामात दुसरं काहीही चाललं असतं, धूळ चालली असती, माझा घाम चालला असता. कारण माझं सगळं काम एका फुगणाऱ्या जेलवर उभं आहे. मोठ्या संस्थांत असे धागे बघायला खोलीएवढी यंत्रं असतात. आमच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक, त्याच्या नजरेच्या मानाने धागे फार बारीक. मग यंत्र मोठं करता येत नाही तर पेशीच मोठी करायची. पेशी जेलमध्ये घट्ट बसवायची, रंग चढवायचा आणि जेल शुद्ध पाण्यात सोडायचं. लहान मुलांच्या डायपरमध्ये जे भरतात त्याच जातीचं हे जेल. पाणी पिऊन ते चौपट फुगतं आणि त्याच्याबरोबर आतली पेशी, पेशीतले धागे, धाग्यांमधली अंतरं, सगळं चौपट ताणलं जातं. अंधाऱ्या स्टोअररूममध्ये हिरव्या उजेडाच्या रेघा मी पहिल्यांदा सुट्या सुट्या मोजल्या तेव्हा मला रडू आलं होतं. पण पाणी शुद्ध हवं. पाण्यात मीठ असलं तर हे जेल फुगायला तयार होत नाही, आखडून बसतं. पहिल्या वर्षीच्या मुलांना मी हे गमतीने सांगते. मिठागरवाल्याची मुलगी आहे मी, मला विचारा, असंही म्हणते. मुलं हसतात.

एप्रिलच्या शेवटी कॉलेजचं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडलं. आतली कॉइल जळली होती आणि नवी यायला जून उजाडला. सुशील सरांनी औषध दिलेल्या पेशींच्या काचपट्ट्या नेमक्या तेव्हाच पाठवल्या. औषध न दिलेल्यांचं काम मी मार्चमध्ये, यंत्र चालू असताना, संपवून ठेवलं होतं. रोह्याला लागून असलेल्या वरश्यात, मी राहते त्या गल्लीच्या तोंडाशी, बॅटऱ्यांचं दुकान आहे. तो ड्रममधून डिस्टिल्ड वॉटर देतो, आपला कॅन न्यायचा. पाणी चांगलं होतं त्याचं. मी आधी एकदा बाटलीत घेऊन तपासलं होतं. मग दर खेपेला आईकडून कॅन आणला. त्याने माझ्यासमोर भरला, मी कॉलेजात नेला. विसळला नाही. आईने घासून दिलेला कॅन नळाच्या पाण्याने विसळून बिघडवायचा कशाला, असं मला वाटलं. आईच्या घासण्यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा बाजारातल्या कुठल्या द्रावणावर नाही. तीन खेपा, तीन आठवडे, आणि सुट्टीच्या गर्दीने भरलेल्या गाडीत खडखड कधी ऐकू आली नाही. औषध दिलेली प्रत्येक पेशी मी माझ्या आईच्या मिठात फुगवली. आखूड होतील नाहीतर काय.

पण निडीच्या त्या थांब्यात मला छळत होतं ते हे नव्हतं. मीठ म्हणजे अपघात. अपघात पकडायलाच तर कंट्रोल असतो. औषध न दिलेली एक काचपट्टी औषधवाल्यांच्या शेजारी, त्याच पाण्यात, त्याच दिवशी. दोन्हींतले धागे आखूड दिसले तर समजायचं की दोष औषधाचा नाही, आपला आहे. सरांनी अशी एक पट्टी पाठवली होती. मी ती केली होती. मेमधली अकरा तारीख, वीज सकाळपासून ये-जा करत होती, स्टोअररूममध्ये काळा कागद उन्हाने वास मारत होता. औषधवाल्या पेशी मोजून झाल्या होत्या, आखूड आल्या होत्या, आणि माझ्या अंगात कितीतरी वर्षांनी काहीतरी उजळलं होतं. मग कंट्रोल पाहिला. तोही आखूड. मी तीन पेशी मोजल्या, चौथी मोजली नाही. आठवतं मला, मी खुर्ची मागे सारली आणि मान मागे टाकून छताकडे बघत राहिले. मग वहीत लिहिलं, जेल खराब, आणि डिश बेसिनजवळ ठेवून दिली. त्या क्षणी मी खोटं बोलत आहे असं मला वाटलं नाही. मला खरंच वाटलं की जेल खराब आहे. जे नको असतं ते खराबच वाटतं. घरी जाऊन मी आंघोळ केली, पोळी-भाजी खाल्ली आणि शांत झोपले. ही शांत झोप आता मला जास्त बोचते आहे.

समोरची गाडी आली, गेली. आमची हलली.

रोह्याला उतरून मी घरी गेले नाही, सरळ कॉलेजात गेले. वाटेत औषधाच्या दुकानातून इंजेक्शनच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या, सलाइनच्या आकाराच्या, त्याहून शुद्ध पाणी रोह्यात मिळत नाही. फाटकाशीच महिपतीमामा भेटले. आमच्या विभागाचे शिपाई. निडीकडच्या एका गावचे, घरी भात आणि वालाची शेती, येत्या मेमध्ये निवृत्त होतील. त्यांनी माझ्या हातातला कॅन घेतला.

"पाणी नाय आणलं मॅडम? यंत्र तर परत बंद पडलंय, दुकान पन बंद हाय का?"

"नाही आणलं मामा. उन्हाळ्यातल्या कॅनमधलं थोडं मी बाटलीत काढून ठेवलं होतं ना? ते आहे का?"

"हाय की. तुमी नाव लिवलंय म्हनून हात नाय लावला."

बाटली कपाटात मागे होती. माझ्याच अक्षरात, मे, डिस्टिल्ड. मामा खिडकी उघडायला गेले तेवढ्यात मी झाकणात दोन थेंब घेतले आणि जिभेला लावले. प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही, हे मी दर वर्षी ओरडून सांगते. थेंब किंचितच खारट होते. पुण्या-मुंबईच्या कुणाला कळलं नसतं इतके. मला कळले. बाबा आगरावर वाफ्याच्या काठाला उकिडवे बसून असंच बोट बुडवून चाखायचे आणि सांगायचे की मीठ धरायला अजून दोन दिवस लागतील. मी जेवणाचा डबा घेऊन बांधावर उभी असायचे. दोन म्हणजे दोनच दिवस लागायचे. ऐन चैत्रात एकदा त्यांना ताप भरला, तीन गोधड्या घालूनही बाजेचे पाय वाजत होते. आरोग्य खात्याचा माणूस बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घेऊन गेला. मी तेव्हा चौथीत होते आणि त्या काचेचं पुढे काय होतं ते मला बघायचं होतं. इतकं साधं कारण होतं या सगळ्याचं. जीभ टाळ्याला लावून मी ती चव जाईपर्यंत उभी राहिले.

तरी जिभेच्या साक्षीवर प्रबंध थांबवता येत नाही. मुलांना दाखवायला शुक्रवारी बनवलेलं कोरं जेल होतं. त्यातून मी बारा मिलिमीटरच्या दोन गोल टिकल्या कापल्या. एक इंजेक्शनच्या पाण्यात, दुसरी मेच्या पाण्यात. दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, तीन वेळा. या कामात करण्यासारखं काही नसतं, नुसतं बसायचं असतं. मी बसले. मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा झाली होती, विभागात शुकशुकाट होता. कितीतरी गोष्टी ठरवायच्या होत्या पण मन कशालाच हात लावेना. मला एवढंच वाटत होतं की या स्टुलावर असंच बसून राहता आलं तर बरं, टिकल्या फुगू नयेत, आखडू नयेत, बुधवार येऊ नये आणि जाऊही नये. मामांनी चहा आणून ठेवला. दोन्ही डिशकडे वाकून बघितलं. फुगलेलं जेल पाण्यात दिसत नाही, काळ्या कागदावर डिश ठेवली तरच कडा कळते.

"ह्यो लहान ऱ्हायला," मामा दुसऱ्या डिशकडे बोट दाखवून म्हणाले.

"हो."

"उन्हाळ्यातलं समदं असंच लहान होतं. बेसिनजवळ तुमी एक टाकून दिलावता, मी धुताना बघितला. मी इचारलं पन तुमाला, चांगला हाय की ह्यो, का टाकता? तुमी म्हनलात, खराब हाय."

"तुम्हाला आठवतंय?"

"मला काय, डिश धुवायच्या असतात. कुठली कवा धुतली ते ऱ्हातं ध्यानात." ते चहाचा रिकामा कप उचलून थांबले. "म्हंजे खराब नव्हता?"

मी पट्टीसाठी खण उघडला. मामांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आरोप नव्हता की कीव नव्हती. मला वाटलं, या माणसाने मला नुसतं एकदा बघितलं होतं आणि विसरून न जाता आपल्यापाशी ठेवून दिलं होतं, कपाटातल्या बाटलीसारखं. ते गेल्यावर मी स्टीलची पट्टी घेतली. पहिली टिकली पन्नास मिलिमीटर. दुसरी एकेचाळीस. पुन्हा मोजलं. पन्नास, एकेचाळीस. वही काढून मेची पानं उघडली. जेल किती फुगलं ते दर वेळी मोजून लिहायचं असतं. पानापानावर मी लिहिलं होतं, चार पूर्णांक दोन पट. एकाच शाईत, एकाच वळणात. पहिल्या दिवशी मार्चमध्ये मोजलं होतं, मग नुसतं उतरवत गेले. थकलेल्या माणसाचं अक्षर किती नीटनेटकं येतं. बाराला चार पूर्णांक दोनने गुणलं तर पन्नास येतात. मेमध्ये खरे एकेचाळीसच असणार. हिशेब लावायला कागदही लागला नाही. कमी पडलेला पाचवा हिस्सा, हाच माझा शोध होता.

चार वाजता सुशील सरांना फोन केला. ते मोठ्या मनाचे आहेत. सात वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेला नाही, माझ्या अर्ध्या वेळेच्या संशोधनाची त्यांनी कधी लाज वाटू दिली नाही. मी सगळं क्रमाने सांगितलं. कॅन, खडे, पाणी, पन्नास आणि एकेचाळीस. आईचं सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण ते मध्येच म्हणाले, "पाणी प्या थोडं, प्रणिता."  त्यांच्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता.

"म्हणजे औषधाने काहीच होत नाही?"

"माहीत नाही सर. होतही असेल. माझ्या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही."

"हं." पुन्हा पंखा. "बुधवार सोडावा लागेल."

"हो."

"आणि जानेवारीची मुलाखत."

"हो."

"हे बघा," ते सावकाश म्हणाले, "पाण्यात दोष निघाला, हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. तसं समितीला कळवू. मुदत वाढवून मागू, सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा मोजाल. नाव खराब व्हायचं कारण नाही. फक्त मला एक विचारतील, म्हणून तुम्हाला विचारतो. मी कंट्रोलची पट्टी पाठवली होती. ती धावपळीत राहून गेली असणार. यंत्र बंद, वीज नाही. राहून गेली असं धरायचं ना?"

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. मला फक्त हो म्हणायचं होतं. ते खोटं त्यांनीच तयार करून, पुसून, माझ्या हातात दिलं होतं, मी नुसतं धरायचं होतं. राहून गेली म्हटलं तर मी एक दमलेली, अपुऱ्या साधनांत राबणारी बाई, जिच्या आईने भोळेपणाने कॅनमध्ये मीठ टाकलं. सहा महिन्यांनी पदवी. पुढच्या वर्षी ही गोष्ट मुलांना सांगून हसवताही येईल. केली आणि टाकून दिली म्हटलं तर मग मीठ बाजूला राहतं. मग प्रश्न फक्त माझा उरतो आणि सात वर्षांतली बाकीची प्रत्येक डिश लोक संशयाने बघतात, मार्चमधली, त्याच्या आधीची, सगळ्याच. मी वहीतल्या अकरा मेच्या पानावर बोट ठेवून उभी होते. कुणाला दिसणार होतं? मामांना. मामांना कुणी विचारायला जाणार नव्हतं. पाण्यात टाकलं तर दिसत पण नाय, आई म्हणाली होती.

"केला होता सर," मी म्हटलं. "कंट्रोल केला होता. तोही आखूड आला. मी टाकून दिला."

 मग ते म्हणाले, "कधी?"

"अकरा मे. वहीत जेल खराब असं लिहिलंय."

"होतं का खराब?"

"नाही."

"बरं," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं दमलेपण होतं, माझ्यासारखंच. "वही पाठवा. सगळी पाठवा, पहिल्या पानापासून. मी बघतो कुठपर्यंत मागे जावं लागतं ते." आणि ठेवण्याआधी, जरा थांबून, "आज काही करू नका आता. घरी जा."

पण मी एक केलं. अकरा मेच्या ओळीवर आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: जेल खराब नव्हतं. तारीख घातली, सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं. दोन्ही डिश मामा धुवायला न्यायला आले तर म्हटलं, राहू देत आजच्या दिवस. ते बरं म्हणाले. निघताना त्यांनी कोपऱ्यातला कॅन पुढे केला, मग काही आठवून परत आत गेले आणि चार ओंजळी वालाच्या शेंगा कॅरिबॅगमध्ये घालून आणल्या. घरच्या हायत, म्हणाले.

वरश्याला पोचेपर्यंत साडेसहा झाले. गल्लीच्या तोंडाशी बॅटरीवाला शटरशी बसून मोबाइल बघत होता, मला बघून म्हणाला, पाणी नको का मॅडम? मी नको म्हटलं. खोलीत येऊन शेंगा सोलल्या. कोवळ्या होत्या, भिजवायची गरज नव्हती. आमटी टाकली. आता रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही, नुसता पाठीत एक जडपणा बसून राहिला. जानेवारीत मुलाखतीला दुसरं कुणी जाईल. जूनमध्ये मी पुन्हा अर्ज करीन, घेतलं तर. आणि त्या कोरींच्या कामट्यांचं औषधाने काय होतं ते मला अजून माहीत नाही, ही एक गोष्ट त्या सगळ्या ढिगाऱ्यात मला सारखी टोचत होती. म्हणजे ती अजून टोचते आहे. आमटी उकळायला लागली तेव्हा आईचा फोन आला.

"जेवलीस?"

"आमटी ठेवलीय. वालाची."

"सकाळी काय इचारत होतीस मिठाचं? तुझं बाबा म्हनतात, पोरीच्या पाण्यात मीठ कशाला घातलंस, तिचं काम बिघडलं असंल."  तिचा श्वास ऐकू येत होता. "बिघडलं का गो?"

"नाही," मी म्हटलं. "काम माझंच बिघडलं होतं. तुझ्या मिठामुळे कळलं."

तिला ते किती कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "मंग खडे टाकलेस का ठेवलेस?"

"ठेवलेत."

"आमटीत घाल मंग. टाकू नको."

ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवले होते, सोडले. पाचातले दोन घातले, थोडं थांबून तिसरा. ढवळलं. चमच्याने तळहातावर थेंब घेऊन चाखला. मीठ बरोबर झालं होतं.